दारातला पॅसेज निळा करावा की हिरवा: सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात चौथ्या मजल्यावर टू बीएचके फ्लॅट, दार उघडलं की साडेतीन फूट रुंद आणि साधारण नऊ फूट लांब पॅसेज, त्याला खिडकी नाही, खाली क्रीम व्हिट्रिफाइड टाइल्स, मेन डोअर सागवानी रंगाचं, आणि पॅसेजच्या एका भिंतीमागे कॉमन बाथरूम. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना निळा किंवा हिरवा रंग हवाय. सासूबाई म्हणतात गडद रंगाने अंधार होईल, फिका आकाशी करा. पेंटर म्हणतो एका भिंतीवर मेटॅलिक टेक्स्चर मारू आणि बाकी पांढरं ठेवू. आणि हे सगळं दिवाळीच्या आधी व्हायला हवंय.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅट्समध्ये इंटिरियरची कामं करताना मी अगदी असेच पॅसेज खूप बघितलेत, त्यामुळे माझं मत आधीच सांगते आणि मग कारणं. तुमच्या पॅसेजला हिरवा घ्या, पण पोपटी नाही, पिस्ता नाही, बॉटल ग्रीनही नाही. राखाडीकडे आणि थोडा मातीकडे झुकणारा शेवाळी हिरवा, मध्यमपेक्षा जरा गडद. तो जमिनीपासून दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत, म्हणजे सात फुटांपर्यंत घ्या, आणि त्याच्यावर राहिलेली भिंत आणि पूर्ण सीलिंग एकाच उबदार ऑफव्हाइटमध्ये. टेक्स्चर अजिबात नको. आणि डबा विकत घ्यायच्या आधी दिवे बदला.

दिव्यांपासून सुरुवात करते, कारण बिनखिडकीच्या जागेत भिंतीचा रंग शेडकार्ड ठरवत नाही, दिवा ठरवतो. केल्विन म्हणजे दिव्याच्या उजेडाचा रंग सांगणारा आकडा, कमी असेल तर पिवळसर, जास्त असेल तर पांढरा-निळसर. आपल्याकडे बहुतेक घरांत 6500 केल्विनचे पांढरेशुभ्र एलईडी असतात, दुकानात ‘कूल डे लाइट’ म्हणून मिळतात ते. त्या उजेडात हिरवा रंग थंड आणि निर्जीव दिसतो, लोक म्हणतात ना की हिरव्या भिंतीने दवाखान्यात आल्यासारखं वाटतं, त्याचं अर्धं कारण तो दिवा असतो. उलट 3000 केल्विनचा पिवळसर दिवा लावला तर हिरवा मस्त खुलतो, पण निळा मात्र मंदावतो, कारण पिवळसर उजेडात निळा भाग मुळातच कमी असतो आणि भिंतीला परत फेकायला काही उरतच नाही. म्हणून निळ्याला 4000 केल्विन, हिरव्याला 3000 ते 3500. बॉक्सवर हा आकडा छापलेला असतो, तो बघून घ्या. त्याच बॉक्सवर बरेचदा सीआरआय पण दिलेला असतो, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, साधे दिवे 80 च्या आसपास असतात, शक्य असेल तर 90 च्या वरचा घ्या, थोडा महाग पडतो पण राखाडी छटा असलेले रंग त्याच्याखाली खरे दिसतात. तुमच्या एवढ्याशा पॅसेजला सात-सात वॅटचे दोन डाउनलाइट पुरे आहेत. ते भिंतीला चिकटून लावू नका, भिंतीवरून घासत जाणारा उजेड पुट्टीतला प्रत्येक उंचवटा दाखवतो. पॅसेजच्या मध्यरेषेवर लावा आणि एक दारापासून दोनेक फुटांवर ठेवा, म्हणजे दार उघडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर उजेड येतो आणि आलेल्या पाहुण्याला तुम्ही नीट दिसता.

आता सासूबाईंच्या आकाशीबद्दल, कारण त्यांचं म्हणणं बहुतेक सगळ्यांना पटतं. अंधाऱ्या जागेला फिका रंग दिला की उजेड वाढेल असं वाटतं, आणि थोडा वाढतोही, पण फिका रंग फिका आणि ताजा दिसायला भिंतीवर भरपूर उजेड पडावा लागतो. खिडकीच्या खोलीत आकाशी छानच दिसतो. बंद पॅसेजमध्ये मात्र तोच आकाशी कोपऱ्यांत मळकट राखाडी होतो, आणि वर पिवळा दिवा असेल तर हिरवटसुद्धा. सहा महिन्यांनी लोकांना वाटतं भिंत घाण झाली, पुसून बघतात, काही निघत नाही, कारण घाण नसतेच, रंगच तसा दिसत असतो. गडद रंगाचं असं होत नाही, त्याच्याकडून उजळपणाची अपेक्षाच नसते. शिवाय लहान गडद जागेतून उजेडाच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की हॉल आहे त्याहून मोठा आणि प्रसन्न वाटतो. जुन्या वाड्यांत देवडीतून चौकात येताना हेच व्हायचं, देवडी ठेंगणी आणि अंधारी, आणि पुढे एकदम उघडा चौक. सासूबाईंना हे असं सांगून बघा, पटण्याची शक्यता आहे. आणि वरची अडीच फुटांची पट्टी आणि सीलिंग ऑफव्हाइट ठेवायचं तेही त्यांच्या काळजीसाठीच, तिथून उजेड खाली परत येतो.

काही पेंट कंपन्यांच्या शेडकार्डवर किंवा वेबसाइटवर प्रत्येक शेडपुढे एलआरव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी किती टक्के ती भिंत परत फेकते. चांगला पांढरा 80 च्या वर, मध्यम राखाडी-हिरवा 40 च्या आसपास, खूप गडद हिरवा किंवा नेव्ही ब्लू 10 किंवा त्याच्याही खाली. तुमच्या पॅसेजला मी 20 ते 30 च्या मधली शेड शोधेन. दहाच्या खाली जायचं तर दिवे वाढवायला लागतील आणि धूळही जास्त दिसेल, गडद भिंतीवर धूळ दिसत नाही हा गैरसमज आहे, उलट स्कर्टिंगच्या वरच्या कडेवर बसलेली पांढरी धूळ नेव्ही ब्लूवर सगळ्यात आधी दिसते.

दिव्यांनंतर फरशी. टाइल्स आणि दार बदलायचं नाहीये म्हणजे ते दोन रंग आधीच ठरलेत, भिंतीला त्यांच्याशी जुळवून घ्यावं लागणार. क्रीम टाइलच्या शेजारी थंड निळा आणला की डोळा तुलना करतो आणि टाइल आहे त्यापेक्षा पिवळी दिसायला लागते. ‘रंग दिल्यावर फरशी जुनाट वाटायला लागली’ ही तक्रार निळा रंग दिलेल्या घरांत मी वारंवार ऐकते. मातकट हिरव्याशेजारी तीच क्रीम टाइल शांत बसते. फरशी राखाडी असती, किंवा कोटा दगडाची असती, किंवा जुन्या मुंबईतल्या घरांत असतात तशा नक्षीच्या सिमेंट टाइल्स असत्या, तर मी तुम्हाला निळ्याचा आग्रह केला असता. दाराची गोष्ट उलटी आहे हेही सांगायला हवं, सागवानाचा नारिंगीकडे झुकणारा तपकिरी निळ्याच्या शेजारी अप्रतिम उठतो, म्हणजे तुमचं दार निळं मागतंय आणि फरशी हिरवा मागतेय. फरशी जास्त मोठी आहे आणि सतत नजरेत आहे, म्हणून तिचं ऐकायचं.

तरीही मन निळ्यावरच असेल तर मधला रस्ता आहे, मोरपंखी. पण पैठणीतला झगझगीत मोरपंखी नाही, त्यात बऱ्यापैकी काळा-राखाडी मिसळून शांत केलेला. हा रंग 3000 केल्विनखाली हिरव्याकडे जातो आणि दिवसा हॉलमधून येणाऱ्या उजेडात निळ्याकडे, दोन्ही वेळा चांगला दिसतो. शुद्ध निळ्यात जायचं असेल तर मात्र धीट व्हा, गडद इंडिगो घ्या आणि सीलिंगसकट सगळं त्यातच करा, दारांच्या चौकटींना बारीक पांढरी किनार द्या. पणजीला फोंताइन्हास या जुन्या वस्तीत फिरलात तर हे बघायला मिळेल, घरं निळी, पिवळी, हिरवी, लाल, आणि दारं-खिडक्यांभोवती पांढरे पट्टे, त्या पांढऱ्यामुळे गडद रंग स्वच्छ आणि नेटका दिसतो. हा निळा आणि हा पांढरा, दोन्ही आपल्याला नवीन नाहीतच म्हणा, चुन्यात नीळ घालून भिंती रंगवणं गावाकडे कित्येक घरांत होतं आणि चिमूटभर नीळ घातली की चुन्याचा पिवळटपणा मरून तो जास्त पांढरा दिसतो हे आपल्या आज्यांना माहीतच होतं.

शेड ठरवताना शेडकार्डवरचा दोन इंचाचा चौकोन बघून ऑर्डर देऊ नका, आणि मोबाइलवरचा तर मुळीच नाही. दोनशे मिलीचे सॅम्पल डबे मिळतात, दोन किंवा तीन शेड्स आणा, जाड पुठ्ठ्यावर किंवा प्लायच्या तुकड्यावर दोन-दोन हात मारा, पुठ्ठा कमीत कमी दीड फुटाचा असू दे. थेट भिंतीवर पॅच मारू नका, आजूबाजूच्या पांढऱ्या पुट्टीमुळे कुठलाही रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो आणि घाबरून तुम्ही एक पायरी फिकी शेड घेता, मग पूर्ण भिंत झाल्यावर रंग पुळचट वाटतो. तो पुठ्ठा दाराला टेकवून बघा, टाइलवर उभा करून बघा, बाथरूमच्या भिंतीवर टेपने चिकटवून बघा, सकाळी, दुपारी आणि रात्री नवीन दिवे लावून. ओल्या रंगावर निर्णय घ्यायचा नाही, इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग, वाळल्यावर साधारण थोडं गडद होतं. दुकानातल्या ट्यूबखाली तर कुठलीच शेड फायनल करू नका.

सात फुटांवर रेष का म्हणतेय तेही सांगते. जुन्या चाळींत, शाळांत, सरकारी ऑफिसांत आपण सगळ्यांनी खाली ऑइल पेंटचा गडद पट्टा आणि वर फिका चुना किंवा डिस्टेंपर बघितलाय, चार-साडेचार फुटांवर एक बारीक रेघ. कल्पना उत्तम होती, हात-पाय-बॅगा लागतात तिथे धुता येईल असा रंग, वर स्वस्तातला. आज फ्लॅटमध्ये तीच उंची घेतली तर ती रेष नेमकी स्विचबोर्डमधून जाते, आणि अर्धा बोर्ड हिरव्यावर, अर्धा पांढऱ्यावर असं दिसलं की काम अर्धवट वाटतं. बोर्डाच्या खाली साडेतीन फुटांवर घेतली तर हाताचे डाग सगळे वरच्या ऑफव्हाइटवर, मग उपयोग काय. आणि बोर्डाच्या वर पाच फुटांवर घेतली तर साडेनऊ फुटांची भिंत जवळजवळ मधोमध कापली जाते, पॅसेज ठेंगणा दिसतो. चौकटीच्या वरच्या कडेला रेष नेली की बाथरूमचं दार, बेडरूमचं दार, मेन डोअर सगळं एका पातळीत येतं आणि डोळ्याला कुठे अडखळायला होत नाही. फक्त चौकटी खरंच एका पातळीत आहेत का ते लेव्हल पाइपने किंवा लेझरने आधी तपासून घ्या, बिल्डरच्या कामात अर्धा-पाऊण इंचाचा फरक सर्रास असतो. असला तर मेन डोअरची पातळी धरा. स्विचप्लेट्स पांढऱ्या असतील तर हिरव्यावर त्या डोळ्यात येतील, राखाडी प्लेट्स मिळतात, मॉड्युलर असतील तर फक्त वरची फ्रेम बदलून काम होतं.

आता ज्या भागात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात तो, बाथरूमची भिंत. कृपा करून ही भिंत तपासल्याशिवाय पेंटरला पुट्टीची पिशवी फोडू देऊ नका. गडद रंगावर ओल लपत नाही. पांढऱ्या भिंतीला लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारे पांढरे क्षार, लागला तर पांढऱ्यावर पांढरं म्हणून वर्षभर कळत नाही, हिरव्यावर किंवा निळ्यावर पहिल्याच पावसाळ्यात पिठासारखे पट्टे उमटतात आणि मग पोपडे धरतात. तपासायची साधी पद्धत म्हणजे दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा, जमिनीपासून फूटभर वर, आणि एक पूर्ण दिवस ठेवा. काढताना आतून पाण्याचे बारीक थेंब दिसले किंवा भिंत काळपट झाली असेल तर ओल आहे. मग रंगाचं काम थांबवा आणि बाथरूममध्ये जा. बहुतेक वेळा टाइल्सचे सांधे उघडे पडलेले असतात किंवा नहाणी ट्रॅपभोवती, म्हणजे पाणी जायच्या जाळीभोवती, गळती असते. सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घ्या, ट्रॅप प्लंबरकडून बघून घ्या. पाणी बंद झाल्यावरही भिंत वाळायला काही आठवडे लागतात, तिथे घाई करून उपयोग नाही. लोणा आलेला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात आणि परत येतात. बरेच पेंटर सांगतील की वॉटरप्रूफ पुट्टी मारतो, काही होणार नाही. पॅसेजच्या बाजूने काहीही मारलं तरी मागून येणारं पाणी थांबत नाही, ते वरच्या थराला ढकलून बाहेर येतं. तोवर दुसरी भिंत आणि सीलिंग करून घेता येईल, पण माझं ऐकाल तर ओल असेल तर दिवाळीला पॅसेज जुनाच असू दे.

भिंत कोरडी असेल तर काम तसं सोपं आहे. जुना रंग घासून, गरज आहे तिथे पुट्टीचे दोन पातळ हात, परत घासणं, प्रायमर, आणि मग रंग. गडद शेड असली की दुकानदाराला प्रायमरमध्येच थोडा टिंट टाकायला सांगा, राखाडी किंवा हलका हिरवा, पांढऱ्या प्रायमरवर गडद रंगाचे दोन हात पुरत नाहीत आणि रोलरचे पट्टे दिसत राहतात. तरीही तिसऱ्या हाताची तयारी ठेवा आणि पेंटरशी आधीच बोलून घ्या, नाहीतर दोन हातांनंतर तो ब्रश धुवून जातो आणि तुम्ही चिडचिड करत बसता. एक हात आणि पुढचा हात यांच्यामध्ये चार ते सहा तास जाऊ द्यात. मापाचं म्हणाल तर सात फुटांपर्यंत दोन्ही भिंती मिळून साधारण सव्वाशे चौरस फूट होतात, बाथरूमचं आणि बेडरूमचं दार वजा केलं तर त्याहून कमी, त्यामुळे चांगल्या इमल्शनचे दोन लिटर तिन्ही हातांना पुरून टच-अपसाठी थोडा उरेल. दोन्ही डबे एकाच वेळी मशीनवर बनवून घ्या आणि एका बादलीत एकत्र करून मग वापरा, एक डबा संपल्यावर दुसरा आणलात तर बारीक फरक येऊ शकतो आणि गडद रंगात तो भिंतीच्या मधोमध दिसतो.

फिनिशबद्दल एकच सांगते, लस्टर किंवा ग्लॉस, म्हणजे चमकणारं फिनिश, घेऊ नका. पुसायला सोपं म्हणून दुकानदार तेच सुचवतो, पण अरुंद पॅसेजमध्ये दोन्ही बाजूंनी चमकणारा हिरवा म्हणजे परत तो जुन्या ऑफिसचा लुक, आणि भिंतीची सगळी खोट उघडी. धुता येणारा मॅट किंवा अगदी हलकी चमक असलेलं सॉफ्ट शीन इमल्शन घ्या. पूर्ण मॅट दिसायला सगळ्यात सुंदर असतं, पण घरात लहान मुलं असतील किंवा सायकल आत आणत असाल तर सॉफ्ट शीनच बरं, मॅटवर नखाने ओरखडा ओढला तरी चकाकी उमटते आणि ती जात नाही.

मेटॅलिक टेक्स्चरला माझा ठाम विरोध आहे आणि कारण आवडीनिवडीचं नाही. साडेतीन फुटांच्या जागेत माणसं भिंतीला घासूनच जातात, भाजीच्या पिशव्या, लॅपटॉप बॅगा, पार्सलचे खोके. टेक्स्चर खडबडीत असतं, त्यात धूळ बसते, ते पुसता येत नाही आणि एकदा कोपरा उडाला की तेवढाच दुरुस्त करता येत नाही, पूर्ण भिंत परत करावी लागते. आणि टेक्स्चर लांबून बघायची गोष्ट आहे, इथे लांब जायला जागाच नाही.

याच कारणासाठी पॅसेजमधल्या चित्रांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. लोक मोठं कॅनव्हास आणतात आणि ते दीड-दोन फुटांवरून बघायला लागतं, म्हणजे धड दिसतच नाही. अरुंद जागेत लहान आणि बारीक काम असलेल्या गोष्टी लावाव्यात. सावंतवाडीच्या गंजिफाचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या खेळाचे, गोल पत्ते एका साध्या फ्रेममध्ये ओळीने लावलेत तर गडद हिरव्या-निळ्यावर ते रत्नासारखे उठतात आणि बूट घालता घालता माणूस ते बघत राहतो. वारली चित्र लावायचं असेल तर त्याच्या गेरूच्या पार्श्वभूमीसकट फ्रेम करून लावा, गेरूचा तांबूस रंग हिरव्याशेजारी फार सुरेख दिसतो. थेट हिरव्या भिंतीवर पांढऱ्याने वारली काढून घेण्याची फॅशन आलीये, मला ती रुचत नाही, गेरू आणि तांदळाचं पीठ हेच त्या चित्राचं शरीर आहे. फ्रेम्स भिंतीपासून इंचभरापेक्षा पुढे येऊ देऊ नका, खांदे लागून वाकड्या होतात, आणि मध्य साधारण पाच फुटांवर येईल अशा लावा.

चपलांचा रॅक हा पॅसेजचा खरा मालक. सोसायटीच्या लॉबीत रॅक ठेवू नका, ती सगळ्यांची बाहेर पडायची वाट आहे, आग लागली तर अंधारात लोक त्याच्यावर अडखळतात. नेहमीचा रॅक बारा-तेरा इंच खोल असतो, तो तुमच्या पॅसेजमध्ये आला की चालायला अडीच फूट उरतात, दोन माणसं समोरासमोर आली की एकाने मागे जायचं. तिरपे उघडणारे कप्पे असलेला रॅक सात इंचांत बसतो, तो घ्या आणि भिंतीवर असा बसवा की खाली सहा इंच मोकळे राहतील, झाडू आत जातो आणि फरशी सलग दिसल्यामुळे जागा मोठी वाटते. त्याचं लॅमिनेट भिंतीच्याच हिरव्यात करून घेतलंत तर रॅक जवळजवळ दिसेनासा होतो. दाराच्या लाकडाशी मॅच करायला जाऊ नका, लॅमिनेट आणि खरं लाकूड शेजारी शेजारी कधीच जुळत नाही. सासूबाईंना बसून चप्पल घालायला सोय हवीच, पॅसेजच्या हॉलकडच्या टोकाला सोळा ते अठरा इंच उंचीचं एक छोटं लाकडी बाकडं ठेवा, आणि त्याच्या वर धरून उठता येईल अशी एक मजबूत पितळी खुंटी. हिरव्यावर पितळ जितकं शोभतं तितकं क्रोम शोभत नाही, आणि गडद निळ्यावरही तेच. किल्ल्यांचे हुक, दाराचं हँडल, नावाची पाटी, सगळं एकाच धातूत ठेवलंत की एवढ्याशा जागेत गोंधळ होत नाही.

आरसा लावायचा तर बाजूच्या भिंतीवर, हॉलच्या टोकाकडे, जिथून त्याच्यात हॉलच्या खिडकीचा उजेड दिसेल. दारासमोर आरसा बऱ्याच घरांत वास्तूमुळे नको असतो, आणि तसंही दार उघडल्या उघडल्या आलेल्याला स्वतःचंच तोंड दिसणं विचित्र वाटतं. वास्तूचा विषय निघालाच आहे तर, वास्तू मानणारे लोक आग्नेयेला निळा टाळतात आणि उत्तरेला हिरवा-निळा चालतो म्हणतात. घरातल्या मोठ्यांचा त्यावर विश्वास असेल तर आधी विचारून घ्या, रंग दिल्यावर वाद नको.

तुमच्या पॅसेजमध्ये बहुतेक मेन डोअरच्या मागे किंवा बाजूला एमसीबीचा डीबी बॉक्स, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य स्विचांची पेटी, असणार, जवळपास प्रत्येक फ्लॅटमध्ये तिथेच असतो. तो झाकायचा असेल तर वर बिजागरीचं हलकं पॅनल करा, भिंतीच्या रंगाचं, पण कुलूप नाही, खिळे नाहीत, समोर रॅक नाही. ट्रिप झालं की अंधारात घरातल्या कुणालाही एका हाताने उघडता आलं पाहिजे. त्या बॉक्सच्या आसपास फ्रेमसाठी ड्रिल मारताना इलेक्ट्रिशियनला विचारल्याशिवाय मारू नका, वरून सगळ्या वायर्स तिथेच उतरतात.

तोरण आणि पणत्यांचा विचार रंगासोबतच करा, दिवाळीत हेच तर दिसणार आहे. झेंडूचा नारिंगी रंग गडद निळ्यावर आणि हिरव्यावर दोन्हीवर पेटल्यासारखा दिसतो, आंब्याची पानं मात्र हिरव्या भिंतीवर हरवतात. तुमच्याकडे तोरण लाकडी चौकटीवर बांधलं जाईल आणि आतल्या बाजूने वर ऑफव्हाइट पट्टी आहे, त्यामुळे पानं उठून दिसतील, सात फुटांच्या रेषेचा हा अजून एक फायदा. तोरणासाठी दोन कायमचे पितळी हुक आत्ताच बसवून घ्या, दरवेळी टेप लावून काढली की रंगाचा पापुद्रा निघतो. समई किंवा पणती पॅसेजमध्ये ठेवत असाल तर भिंतीपासून फूटभर लांब, मॅट रंगावरची काजळी पुसायला गेलं की पसरते. झाडांचा मोह आवरा. बिनखिडकीच्या पॅसेजमध्ये मनी प्लांटसुद्धा हळूहळू मरतो. ठेवायचंच असेल तर झीझी किंवा स्नेक प्लांटच्या दोन कुंड्या करा आणि दर आठवड्याला एक बाल्कनीत, एक आत अशी अदलाबदल करा, कुंडी मात्र पांढरी किंवा मातीची घ्या, हिरव्यावर हिरवं दिसत नाही.

वेळेचं गणित असं बसवा. पाऊस जोरात असताना पुट्टी आणि रंग दोन्ही नीट वाळत नाहीत, म्हणून भर पावसात पॅसेजचं काम काढू नका. प्लास्टिकची टेस्ट मात्र पावसाळ्यातच करा, तेव्हाच ओल खरी कळते, आणि बाथरूमचं काम निघालं तर ते लगेच करून टाका म्हणजे भिंतीला वाळायला वेळ मिळेल. दिवे गणपतीच्या आसपास बदला, सॅम्पलचे पुठ्ठे त्याच दिव्यांखाली आठवडाभर ठेवा. पाऊस थांबला की दसऱ्याच्या आगेमागे रंग, एवढ्या पॅसेजला घासण्यापासून शेवटच्या हातापर्यंत चार ते पाच दिवस धरा. रॅक आणि फ्रेम्स रंग झाल्यावर निदान तीन-चार दिवसांनी बसवा. पहिला महिनाभर भिंत ओल्या फडक्याने चोळू नका, डाग पडला तर कोरड्या मऊ कापडाने टिपून घ्या. उरलेला रंग काचेच्या बरणीत झाकण घट्ट लावून ठेवा, वर शेडचा कोड आणि तारीख लिहा. पुढे कधी टच-अप करायची वेळ आली तर मधेच ठिपका लावू नका, गडद रंगात तो पॅच दिसतोच, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक हात मारून घ्या.